उसवता येईल अशी शिवण

बत्तीस वर्षांत प्रेमलताबाईंच्या संसाराच्या नऊ बदल्या झाल्या. नवरा चारुदत्त कस्टममध्ये. सरकारने त्यांना बंदरोबंदरी हिंडवले आणि शेवटी खिदिरपूरला आणून निवृत्त केले; तिथेच त्यांनी भाड्याचे घर घेतले. प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या, म्हणून बाई पडद्यांना खाली वीतभर दुमड ठेवत, तीही हाताने, धावदोऱ्याची. नव्या घरी खिडकी लांब निघाली की दोऱ्याचे मोकळे टोक ओढायचे, पडदा लांब. "आपल्याकडे कायम काय ते ही दुमड," चारुदत्त म्हणत. त्यांना जाऊन चार वर्षे झाली.

त्यानंतर बाई हावड्याच्या एका कारखान्यात शिवायला जाऊ लागल्या. तिथे बाळांचा ताप मोजणारी झबली होतात: कापडावर टाक्यांनी बसवलेला चांदी चढवलेला धागा, बगलेपाशी बटणाएवढी चकती. पुण्याहून लेक गौरी दर रविवारी विचारी, "आई, तिकडे आता तुझं आहे तरी काय?"

"उद्या कामावर जायचंय," एवढेच उत्तर बाईंपाशी होते.

मार्चमध्ये तेही जायची वेळ आली. मालक तन्मय घोष झबले उलटे करून बघत होता. "माशीमा, मशीनची पक्की टीप सांगितली होती ना? ही शिवण तर ओढली की सुटेल!"

"धुण्यात नाही सुटणार. मध्ये मध्ये उलटा टाका आहे. ओढल्यावर सुटायलाच हवा. सवय."

"सवय घरी ठेवा. आणि उद्यापासून आराम करा."

दोन दिवसांनी गिऱ्हाईक कंपनीची माणसे तपासणीला आली. बाळ मोठे झाले की धागा आणि चकती अखंड निघून पुढच्या झबल्यात जावी, कापड वेगळे व्हावे, ही करारातली अट तन्मयने वाचली होती. करून पाहिली नव्हती. पक्क्या टिपा उसवताना कापड फाटले, धागा तुटला. नापास म्हणून बाजूला टाकलेली बाईंची बारा झबली तेवढी एका ओढीत मोकळी झाली.

संध्याकाळी तन्मय मिठाईचा डबा घेऊन खिदिरपूरच्या घरी हजर. "माशीमा, उद्या या. सवय घेऊन या. सगळ्यांना शिकवायचीय."

"आराम झाला वाटतं माझा," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

त्याचे लक्ष पडद्याकडे गेले. खिडकी लांब, पडदा चांगला वीतभर तोकडा, खाली दुमड तशीच. "हा सोडला नाहीत?"

"हे म्हणाले होते, दमलोय, या खेपेला पुढच्या महिन्यात सोडू."

तो गेल्यावर बाईंनी दोऱ्याचे टोक शोधले आणि ओढले. वीतभर कापड खाली उतरले, जुन्या रंगाचे, अजिबात न विटलेले. मग त्यांनी गौरीला फोन लावला, रविवार नसूनही. "इथला पडदा सोडला आज," त्या म्हणाल्या.