ठकीचा उजवा हात

आम्ही जुने तिघं भेटलो की पहिला चहा येईपर्यंत सगळे शहाण्यासारखे वागतात. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, तो ग्लोव्ह आठवतो?" आणि झालं! घरून कितीही फोन येऊ देत, कोणी हलत नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कोपरीत, रुळांना लागून अविनाशचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं: अविनाश, वंदना, मी. बँकेतली पक्की नोकरी सोडून अविनाशने हे सुरू केलेलं. तेव्हापासून त्याचे वडील, अप्पा, त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. एकाच घरात राहून! काही सांगायचं तर अविनाशच्या आईमार्फत, म्हणजे आमच्या काकूंमार्फत. "त्याला म्हणावं, बाहुल्यांनी पोट भरत नाही." अविनाश हसण्यावारी न्यायचा, पण त्याला ते फार लागायचं.

बाहुली म्हणजे ठकी, आमच्या पडद्यावरची नऊवारीतली मुलगी. सेन्सरवाला ग्लोव्ह आपण घालायचा, आपण बोट हलवलं की तिचं बोट हलणार. निदान मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं! पहिल्याच दिवशी मी मूठ वळली, तर ठकीचा अंगठा तळहातातून आरपार बाहेर!

वंदना किंचाळली, "अरे, हाडवैद्याकडे न्या तिला!"

*

मग ठकीला कंप सुटला. चांगली उभी असायची, मधेच हात थडथडायला लागायचा. आम्ही वायरी बदलल्या, एकमेकांवर खेकसलो. शेवटी वंदनानेच पकडलं. खाली रुळांवरून गाडी गेली की कंप! मनगटाचा सेन्सर चुंबकावर चालणारा, आणि शेजारी रेल्वेची वीज.

तेव्हापासून महत्त्वाचं काम रविवारी, मेगाब्लॉकमध्ये, गाड्या बंद असताना. मी राहायचो डोंबिवलीला; अख्ख्या डोंबिवलीत मेगाब्लॉक ऐकून खूश होणारा मी एकटाच असेन!

*

ग्लोव्ह खरा शोभायचा वंदनाला, ती नाच शिकलेली. पण लग्न झालं आणि बाई पाटल्या घालून हजर. सेन्सरजवळ धातू आला, की ठकीचा हात कोपरातून उलटा!

"काढ त्या."

"सासूबाईंनी घातल्यात. वर्षभर काढायच्या नाहीत म्हणाल्यात."

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. ठकीला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काढ गं बाई. पण आधी त्या पोरीच्या हातात काहीतरी घाला. लंकेची पार्वती दिसतेय!"

मी मुकाट्याने पडद्यावर ठकीच्या हातात हिरव्या बांगड्या रंगवल्या.

*

एकदा जाहिरातीसाठी केसांच्या तेलाचे शेठ आलेले. पडद्यामागे ग्लोव्ह घालून अविनाश. ठकीने झकास नमस्कार केला. शेठ खूश. तेवढ्यात अविनाशला टेन्शन आलं, आणि टेन्शनमध्ये तो डोकं खाजवतो!

शेठ उठलेच. "आमचं तेल लावून पोरगी डोकं खाजवते?"

आम्ही हसून हसून लोळलो. अविनाश मात्र हसला नाही. काम गेलेलं, आणि घरी अप्पा होते. मला तेव्हा फार वाईट वाटलेलं त्याचं.

*

त्यानंतरचा दसरा. काकू ग्लोव्हची पूजा करायला आल्या आणि येताना अप्पांना अक्षरशः ओढून आणलं. अप्पा कोपऱ्यात, पेपरमागे.

काकूंनी हळदकुंकवाची बोटं उचलली. "आई! सेन्सरवर नको!" अविनाश ओरडला. मग पूजा खोक्याची झाली.

"अहो, तुम्ही घालून बघा ना," काकू म्हणाल्या.

अप्पांनी पेपर खाली ठेवला आणि हात पुढे केला. मी ग्लोव्ह चढवला. आता सेटिंगसाठी माणसाला सांगावं लागतं, हे करा, ते करा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अविनाशच बोलला.

"अप्पा... मूठ वळा. आता उघडा."

अप्पांनी वळली, उघडली. ठकीने वळली, उघडली. अप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

मग त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली, आणि तळवा उघडून प्रश्न विचारल्यासारखा फिरवला. पडद्यावर ठकीनेही तसंच केलं.

अविनाश ठकीकडेच बघत होता.

"नाही अप्पा," तो म्हणाला. "अजून नाही जेवलो."