पायरीखालची ग्रामसभा

ह्यांना अग्नी दिला तो अंबरनाथला. आमच्या इमारतीपासून चालत जाता येईल इतक्या जवळ, ओढ्याकाठी, गावची स्मशानभूमी आहे. पण तिच्या फाटकाला कुलूप होतं. शववाहिका त्या फाटकावरूनच पुढे गेली. गॅलरीतून मला ते दिसलं.

आमचं गाव बदलापूरजवळ, जांभूळच्या रस्त्याला. जुनी घरं शेतकऱ्यांची आणि त्यांनी विकलेल्या जमिनींवर आमच्या इमारती. हे कारखान्यात अधिकारी होते, मी शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते. निवृत्तीनंतर शांत जागा म्हणून इथे आलो. मग एका उन्हाळ्यात पाण्याच्या जोडणीवरून गाव आणि इमारती एकमेकांवर तुटून पडल्या. दगड आले, गाड्या फुटल्या. इमारतीवरून कोणीतरी भिरकावलेल्या कुंडीने गावातल्या एका मुलाचा डोळा गेला. ती केस उल्हासनगरच्या कोर्टात अजून चालू आहे. तेव्हापासून भाजीवाल्या आमच्या गेटवर यायच्या बंद झाल्या आणि आम्ही गावच्या गणपतीला जाईनासे झालो. पुढे ग्रामसभेत ठराव झाला, स्मशानभूमी फक्त मूळ ग्रामस्थांसाठी.

त्या सभेला हे स्वतः गेले होते. पण अर्ध्याच सभेला. कोरम भरला नाही, सरपंचांनी सभा तहकूब केली आणि इमारतींतले लोक हसत घरी आले. "माणसंच जमली नाहीत. ठराव बारगळला," हे बूट काढताना म्हणाले, आणि मी चहा टाकला. कचेऱ्यांमध्ये आयुष्य गेलेली आम्ही माणसं. कोरम नाही म्हणजे सभा नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. ग्रामसभेचं तसं नसतं. तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरते आणि तिला कोरम लागत नाही. आम्ही चहा पीत होतो तेव्हा त्या फाटकाला कुलूप लागलं.

अस्थी सावडून आणल्या त्या दिवशी मी अर्ज लिहिला. स्मशानभूमी सर्वांना खुली करावी, एवढंच. मुलीने तो पंचायतीत दिला. सभा नेमकी तेराव्याच्या आत आली.

"आई, सभा देवळाच्या मंडपात असते," मुलगी म्हणाली. "सुतकात तू आत कशी जाणार?"

"आत नाही जाणार. बाहेर बसेन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. विषय माझा आहे."

मंडपाच्या शेवटच्या पायरीखाली, लोक चपला काढतात तिथे, मी घरून नेलेली प्लास्टिकची खुर्ची मांडली. आत नेहमीप्रमाणे माणसं कमीच होती. सरपंचांनी घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली. आमच्या इमारतींतले लोक उठून बाहेर आले. पण त्यांच्या चपला माझ्या खुर्चीभोवती होत्या.

"चला काकू, संपलं," एकजण पायाने चप्पल चाचपत म्हणाला.

"संपलेलं नाही. अर्ध्या तासाने सुरू होईल. मागच्या वेळी तुम्ही सगळे असेच चपला घालून घरी आलात. त्याचं काय झालं ते मी ह्यांना नेलं तेव्हा गॅलरीतून पाहिलं."

मला मोठ्याने बोलायची सवय नाही. त्याने पाय चपलेतून काढून घेतला. काहीजण तरी गेलेच. काही थांबले.

सरपंच खाली आले. "काकू, तुम्ही दुःखात आहात. सुतक फिटू द्या. पुढच्या सभेला मी स्वतः विषय घेतो."

"तोवर कोणी मेलं तर त्याला पुढच्या सभेपर्यंत घरात ठेवायचं का?"

तेवढ्यात मंडपातून एक म्हातारी उतरून माझ्याकडे आली. पूर्वी आमच्या दारात मेथी आणि माठ विकायची. डोळा गेला तो तिचा नातू. शिव्या देईल असं मला वाटलं. तो तिचा हक्कच होता. ती माझ्या खुर्चीच्या पायाला टेकून खाली बसली.

"ए आजी, शिवू नको! सुतक हाय त्यांना," आतून कोणीतरी ओरडलं.

"मंग घरी जाऊन आंघोल करीन! पानी हाय ना आता नलाला? का त्याच्यापायी परत डोकी फोडायचीत?"

मंडपात हशा झाला. ती हसली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माज्या नातवाचा डोला तुमच्या बिल्डिंगनी खाल्ला. ता मी इसरले नाय, बाय."

"विसरू नका," मी म्हटलं.

"कोर्टात काय व्हायचा ता होऊ दे. पन मेल्या मानसाला दार लावायचा, ही रीत आमची नव्हती कदी."

तिच्यामागून तिच्या सुना आल्या, मग शेजारणी. अर्धा तास झाला तेव्हा मंडपात मोजकी माणसं होती आणि आम्ही खाली जास्त. सरपंच वर-खाली बघत राहिले. शेवटी ते पायरीवर येऊन बसले आणि ग्रामसेवकाला त्यांनी तिथेच बोलावलं.

ठरावाच्या बाजूने पहिला हात माझा होता.

"सुतकातला हात धरायचा का?" ग्रामसेवकाने विचारलं.

"हात तो हात. लिहा," सरपंच वैतागून म्हणाले.

विरोधातही हात वर झाले, आणि त्यांतला एक आमच्याच इमारतीचा होता. गावाचे उपकार नकोत म्हणे. पण ठराव झाला आणि कुलूप निघालं.

ह्यांना त्याचा काही उपयोग नाही. ते मला रोज कळतं. ठाण्याच्या नणंदेने फोनवर विचारलं, सुतकात देवळात कशी गेलीस? मी पायरी चढले नव्हते, आणि तेराव्याच्या आत असं पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन, एवढं सांगून मी फोन ठेवला. मुलीलाही बजावलं आहे: माझी वेळ येईल तेव्हा मला अंबरनाथला न्यायचं नाही. ओढ्याकाठी न्यायचं, पायी.

तोवर मी प्रत्येक ग्रामसभेला जाते. आता मंडपात, खांबाला टेकून. सभा तहकूब झाली की पिशवीतलं पुस्तक काढते आणि वाचत बसते. शेजारी म्हातारी मेथी निवडत असते.