मामाच्या डोक्यावरून दोन फेऱ्या

बाबा कोलशेतच्या एका कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी डोंबिवलीच्या गॅलरीत बसून ते अजून जगाचा माल रवाना करतात. छोटं विमान कुठे लावावं, यावर त्यांचं ठाम मत आहे. जिथे रस्त्याने कंबर मोडते आणि मोठं विमान भरण्याइतकी माणसं नाहीत, तिथे. "म्हणजे आपलं कोकण! आणखी कुठे?" कोणी विचारलेलं नसतं.

कंबर मोडली होती ती आईची. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडीचा लांबचा प्रवास बंद केला, तेव्हापासून ती मामाला मोबाइलवर ओवाळत होती. मामा ऐंशीचा, कोकणातल्या विमानतळाजवळचं आपलं गाव सोडत नाही, आणि भाऊबीजेला बहिणीने ओवाळल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. एका वर्षी नेटवर्क गेलं तर तीन वाजेपर्यंत उपाशी बसलेला. "यंदा त्याला समोर पाटावर बसवून ओवाळणार," आई म्हणाली. "पुढचं कोणी पाहिलंय?" मी लगेच विमानाची तिकिटं काढली.

विमान तासाभराचं. घरातून विमानतळ अडीच तास, त्यातला एक शीळफाट्यालाच गेला. "खरी गरज डोंबिवली ते विमानतळ या विमानाची आहे!" मी वैतागून म्हणाले.

"नाही परवडणार गं," बाबा गंभीरपणे म्हणाले. "चढेपर्यंत उतरायची वेळ."

तपासणीत आईच्या पर्समधून निरांजन, कुंकू, सुपारी आणि काडेपेटी निघाली. काडेपेटी गेली. "अहो, तुम्हाला बहीण नाही का?" आईने त्या जवानाला विचारलं. "दोन आहेत मावशी," तो म्हणाला आणि काडेपेटी डब्यात टाकली.

विमान अर्धंच भरलेलं. तोल सांभाळायला पुढच्या काही जणांनी मागे बसावं, अशी हवाईसुंदरीने विनंती केली. बाबा सगळ्यात आधी उठले. "ट्रकचंही तेच असतं!" ते सगळ्यांना सांगत मागे गेले. आई खिडकी सोडेना.

गावावर आलो तर खाली ढगच ढग. धावपट्टी दिसत नव्हती. विमानाने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग कॅप्टनने सांगितलं, परत मुंबईला जातोय. आई ढसाढसा रडायला लागली. मागून बाबांचं सुरू झालं, "बरोबर आहे, छोट्या विमानतळावर हे असं..."

"बाबा, गप्प बसा हो!" मी ओरडले. अख्खं विमान गप्प बसलं.

आईने नाक पुसलं. "भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात ना? चंद्र काय जवळ असतो?" तिने पर्समधून सुपारी काढली, बोटातली अंगठी काढली, आणि दोन्ही हातात धरून खिडकीसमोर तीनदा ओवाळलं. थोडं कुंकू काचेलाही लावलं. मी पुसायला गेले नाही.

मुंबईत उतरून फोन चालू केला आणि तो लगेच वाजला. मामा. दुपारचे दोन वाजून गेलेले. मी स्पीकर लावून फोन आईसमोर धरला.

"डोक्यार इमानान दोन फेरे मारल्यान," मामा म्हणाला. "मी खळ्यात पाटार बसलेलंय, टोपी घालून. ओवाळलंस मां?"

"ओवाळलं रे," आई म्हणाली.

"मगे मी आता जेवतंय."