खड्ड्यात उतरलेला नळ

घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर माणसं वाढली, हे मला पायांवरून कळलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, चाळीत सगळ्यात काटकुळी. म्हणून नळाच्या खड्ड्यात उतरून हंडे भरून वर द्यायचं काम माझ्याकडे होतं. खालून वर पाहिलं की नुसते पाय दिसत. जोडव्यांचे, भेगाळलेले, स्लिपरचा पट्टा दोऱ्याने बांधलेले. आधी सगळे पाय ओळखीचे होते. मग अनोळखी पाय येऊ लागले आणि रांग वळून संडासापर्यंत गेली.

हा नळ पूर्वी कमरेएवढ्या उंचीवर होता. टेकडीवर खोल्या वाढल्या तशी धार बारीक झाली. कुणीतरी पाइप कापून नळ जमिनीलगत आणला आणि धार वाढली. सगळे खूश. मग खालच्या चाळीने आपला नळ जमिनीच्याही खाली नेला आणि आमची धार तुटली. आम्ही त्यांच्याहून खोल खणलं, त्यांनी आमच्याहून. माझ्या सतराव्या वर्षी आमचा खड्डा माझ्या छातीपर्यंत आला होता. सगळ्यात वरच्या ओळीतला नळ तर कोरडाच पडला. तिथल्या बायका आमच्या खड्ड्यावर रांग लावत आणि आमच्या शेजारची काकी त्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "वरच्यांनी वाट लावली पाण्याची."

वरचे म्हणजे कोण? त्यांतले दोघे बाबांचे चुलतभाऊ, बाबांनीच गावाहून बोलावलेले. करवंदीच्या जाळ्या तोडून, उतार खणून त्यांच्या खोल्या आम्हीच उभ्या केल्या होत्या. त्यात टेकडी बोडकी झाली, पायथ्याचा झरा गटारात गेला. हे मी नाकारत नाही. पण लोकसंख्येचा आकडा खड्डा खणत नाही, माणूस खणतो. बाबा गिरणीत होते तेव्हापासून आमच्या घरात युनियनची पत्रकं येत. माझी पहिली गणितं मी त्यांच्या कोऱ्या बाजूंवर सोडवली, आणि गणितं संपली की पुढची बाजू वाचली. त्यामुळे रेशनच्या दुकानाच्या भिंतीवर रंगवलेलं कुटुंबनियोजनाचं छोटं, हसरं कुटुंब पाहिलं की मला एकच प्रश्न पडे : वस्ती इतकी वाढली, मग पाइप तेवढाच का?

त्या वर्षी बाबांना कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नाचा वाससुद्धा नको. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या. पण घासलेट जेमतेम स्वयंपाकापुरतं मिळायचं. आई एक तांब्या उकळायची, तो फक्त बाबांचा. आम्ही तसंच प्यायचो. पाठोपाठ काकीच्या सुनेलाही कावीळ झाली. काकीने लगेच निकाल दिला, "वरच्यांनी आणली."

एकदा पाणी गेल्यावर माझी चप्पल खड्ड्यात राहिली, म्हणून मी परत उतरले. तळाशी गटाराचं पाझरलेलं डबकं होतं. नळाची तोटी केव्हाच गेली होती आणि उघडं तोंड त्या डबक्यात बुडालेलं. आतून गुडगुड आवाज येत होता. डबकं हळूहळू खाली जात होतं. नळ ते घाण पाणी पाइपात ओढून घेत होता.

मी घरी सांगितलं, खड्डा बुजवायला हवा. आई पीठ मळत होती. तिने मानही वर केली नाही. "तुका काय कळता? खड्डो बुजवलो तर हंडे काय तुझ्या पत्रकान भरतले?"

काकी तर हसलीच. "नळ पाणी पितो म्हणे! चहा पण दे ना त्याला."

दुसऱ्या दिवशी पाणी गेल्याबरोबर मी कपड्यांची नीळ त्या डबक्यात ओतली आणि वर आले.

सकाळी पहिली धार आली ती निळी. काकीचा हंडा पहिला होता. ती किंचाळेपर्यंत खालच्या चाळीच्या बायका हातात तांबे घेऊन तरातरा वर आल्या. त्यांचंही पाणी निळं.

"कुणी केलं गं हे?"

"मी," म्हटलं. "नीळ आहे, कोणी मरत नाही. पण ती ह्या डबक्यातून तुमच्या हंड्यात गेली. गटारही रोज असंच जातं."

शिव्या पडल्या. मी पडू दिल्या. मग खालच्या चाळीतली एक बाई म्हणाली, "आमच्या खड्ड्यात पण डबकं आहे." त्यानंतर शिव्या थांबल्या. सगळ्या आपापल्या हंड्या-तांब्यांत बघत राहिल्या. काकीही.

एकट्या आम्ही नळ वर घेतला असता तर आम्हीच कोरडे राहिलो असतो, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. म्हणून रविवारी सगळ्या चाळींचे खड्डे एकाच दिवशी बुजवायचे ठरले. सर्वांत आधी फावडं आणलं आईने. वरच्या ओळीतून बाबांचे चुलतभाऊ दगड घेऊन उतरले आणि काकीने त्यांना दगड कुठे टाकायचे ते दरडावून सांगितलं.

सोमवारी नळ पुन्हा कमरेएवढा होता. धार मात्र करंगळीसारखी. एका हंड्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता आणि आई उभ्या उभ्या कुरकुरत होती. पाइप मोठा झाल्याशिवाय हे प्रकरण मिटणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसवर जायचंच होतं, आणि आता जायला वरची, आमची, खालची अशा तिन्ही ओळी तयार होत्या.

तेवढ्यात वरून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला. वरच्या नळाला पाणी आलं होतं.

"बघ," आई म्हणाली, "आपला पाणी वर गेला."

"वर आपलीच माणसं आहेत, आई."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हणान तर गप आसंय."