बंदरावर राहिलेला तारवटी

तो कुंपणाच्या बाहेर उभा होता आणि आम्ही दोघी जहाजावर होतो. कठड्यावरून खाली बघितले की दुबईचे बंदर दिसत होते, बंदराचे लोखंडी कुंपण दिसत होते आणि कुंपणापलीकडे त्याचा पिवळा सदरा. गर्दीत हरवू नये म्हणून तो सदरा इंदूनेच त्याला घालायला लावला होता.

जहाजाची शिडी अजून काढलेली नव्हती. शिडीपाशी उभी असलेली जहाजावरची मुलगी पुण्याकडची होती, मराठी बोलायची. तिने विचारले, "आजी, विमानाचं तिकीट आमच्या कंपनीकडून काढलं होतं का?"

"नाय," मी म्हटले. "आमचे आम्ही काढले."

"मग आम्हाला काही करता येणार नाही. बंदराचं दार बंद झालं की आत कोणाला घेत नाहीत. तुम्हाला उतरायचं असेल तर आत्ता उतरा. नंतर शिडी काढतील."

इंदूच्या कानाला फोन होता. फोनवर तो होता. तिचा एक पाय शिडीकडे वळलेला होता आणि मी तिचा दंड धरला होता. कुठल्या बाजूला ओढावे ते मला कळत नव्हते.

तो म्हणजे इंदूचा नवरा, माझा शेजारी. त्याचे नाव घालत नाही. त्याला ते आवडले नसते. गोव्यातल्या केरीत आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. जहाजावर नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे तारवटी म्हणतात. तो तीस वर्षे तारवटी होता. प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर पाव भाजायचा. माझ्याहून लहान, म्हणून मला वयनी म्हणायचा. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला जग माहीत आहे ते त्याच्या बोलण्यातून.

तुमच्या गावातही असा एखादा असेल, परदेशातून आला की भिंतीला टेकून दुसऱ्याच्या कामात खोट काढणारा. ह्याची खोट काढायची एकच रीत. कोणी नवी मोटारसायकल घेतली, कोणी विहिरीवर पंप बसवला, कोणी मुलीचे लग्न ठरवले, की हा विचारायचा, "ता बरोबर. पण मागे कोण आसा?"

म्हणजे बिघडले तर निस्तरणार कोण. पंपवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "मागे विहीर आसा." सगळे हसले, हाही हसला. पण प्रश्न सोडला नाही.

दुसरी सवय म्हणजे तो उभ्याने जेवायचा. ताट ओट्यावर ठेवायचे, भिंतीकडे तोंड करायचे आणि पटापट गिळायचे. इंदू म्हणायची, "बसा हो, घर आसा ह्यां. गुरां पण बसून रवंथ करतत." तो म्हणायचा, "सवय झाली गो. तुका एकदा दाखवतलंय मी खंय उभो ऱ्हवतंय ता."

इंदूला वाटायचे जहाज म्हणजे मजा. फोटो तसेच यायचे. निळे पाणी, दिव्यांच्या माळा, टोपी घातलेला हा. इकडे तिने दोन मुली वाढवल्या, सासूचे दुखणे काढले, शेत बघितले. सासू गेली त्या वेळी हा निघायच्या बेतात होता. कंपनीचे तिकीट आलेले होते, तारीख बदलली नाही. तेराव्याला तो कुठल्या तरी विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट बघत बसला होता, कारण कंपनी सरळ कधी नेत नाही, तिला सोयीचे पडेल तसे वळसे घालून नेते. इंदू ते विसरली नव्हती. भांडण झाले की ती शेवटी एवढेच म्हणायची, "तुमी थंय. मी हांगा." म्हणजे तुम्ही तिकडे, मी इकडे.

म्हणून त्याला तिला जहाज दाखवायचे होते. वरचे दिवे नव्हे. खालची भट्टी.

हृदयाचे दुखणे निघाले म्हणून त्याने नोकरी सोडली. त्याच हिवाळ्यात कळले की त्याचे जहाज दुबईहून शेवटची फेरी करून परतणार आणि मग लांबच्या कुठल्या समुद्रात जाणार, परत इकडे येणार नाही. जुन्या नोकरांना कंपनी जागा देत होती. एका खोलीत तिघे. इंदू म्हणाली, वयनी आली तर मी येते. मी म्हटले, येते. मला घरी कोण धरून ठेवणार होते?

कंपनीने विचारले, विमानाचे तिकीटही आमच्याकडून घेता का? तो लगेच हो म्हणणार होता. मला ओट्यावर बसवून त्याने समजावले.

"वयनी, कंपनीचां तिकीट म्हणजे कसां, विमान चुकलां तर कंपनीक कळता. जहाज थोडां थांबता, नायतर कंपनी तुका पुढच्या बंदरार नेऊन घालता. आपलां तिकीट चुकलां तर आपण आणि आपली पिशवी."

"मग घे की कंपनीचे," मी म्हटले.

पण कंपनीचे विमान आदल्या दिवशी सकाळी होते. एक रात्र तिकडे झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी जहाजावर चढायचे. आणि त्याच आदल्या दिवशी आमच्या वाड्यावर देवीची पालखी दारोदार येणार होती.

पालखी दारात आली की घरातल्या पुरुषाने पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचे आणि बाईने ओवाळायचे. ही आमची रीत. लग्न झाल्यापासून इंदूच्या दारात पाणी घातले ते तिच्या दिराने.

"तीस वर्षां भाऊजींनी पाणी घातलां," इंदू म्हणाली. "कित्याक? तर तुमचां कंपनीचां तिकीट. आता तुमी घरात आसात, नोकरी नाय, आणि परत कंपनीचां तिकीट?"

"इंदू, विमान चुकलां तर मागे कोण आसा?"

"आणि पालखी चुकली तर?"

दुसऱ्या दिवशी तुये गावच्या एका ओळखीच्या मुलीने त्याला फोनवर तिकिटे काढून दिली. पालखीच्या दुसऱ्या सकाळी मोपाच्या विमानतळावरून मुंबई, मुंबईहून दुबई, दुपारी तिकडे, संध्याकाळी जहाज. पहिले विमान एका विमानवाल्याचे, दुसरे दुसऱ्याचे, तिकिटे वेगवेगळी. स्वस्तही पडले. त्याने ते दोनदा बोलून दाखवले, म्हणजे त्याला बरे वाटत नव्हते.

पालखी आली. त्याने नवे धोतर नेसले होते आणि ते त्याला नीट नेसता आले नव्हते. तांब्या त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पाणी घातले, चौघांच्या पायांवर, सावकाश, एकाचाही पाय सुका ठेवला नाही. दीर बाजूला उभा राहून म्हणाला, "भट्टीवरचो हात तो. पाण्याक भिता." इंदूने ओवाळले. मी तिला बघत होते. तीस वर्षांत ती दारात एवढी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

सकाळी मोपाला गेलो तर विमानच आले नव्हते. मुंबईला धुके. तो बसला नाही. काचेपाशी उभा राहिला, पाठीमागे हात बांधून. इंदूने विचारले, पोचू ना? तो म्हणाला, पोचतलंव. पण तिच्याकडे न बघता म्हणाला.

मुंबईला पोचलो तेव्हा दुबईचे विमान निघून गेले होते. दुसऱ्या विमानवाल्यांनी हात झटकले, आमचे विमान वेळेवर होते म्हणाले. पहिल्यांनी सांगितले, आम्ही मुंबईला पोचवले, पुढचे आम्हाला काय माहीत. दोघेही खरेच बोलत होते. तो खिडकी खिडकी फिरला. शेवटी एका विमानात दोन जागा मिळाल्या आणि त्याच्या मागून सुटणाऱ्या विमानात एक.

त्याची एक सवय होती, जहाजावरची. प्रत्येकाचे कागद वेगळ्या कापडी पिशवीत आणि पिशवी ज्याच्या त्याच्या गळ्यात. घरातून निघताना इंदूने त्यावरून त्याची टर उडवली होती, "गळ्यात घंटा बांधल्यासारखी." आता त्या पिशव्या होत्या म्हणूनच आम्हाला वेगळे जाता येणार होते.

"तुमी दोघी पुढे व्हा," तो म्हणाला. "मी पाठोपाठ येतंय."

"आणि तुमचां विमान उशिरा इलां तर?"

"इंदू, जा. थंय टॅक्सीवाल्याक जहाजाचो फोटो दाखव. सगळे हिंदी बोलतत."

दोन म्हाताऱ्या, त्यातली एक कधी बेळगावच्या पुढे न गेलेली. ती मी. पण खरे सांगायचे तर काहीही झाले नाही. जिकडे माणसांची रांग दिसली तिकडे गेलो, पिशवी उघडून दाखवली, शिक्का मारून घेतला. टॅक्सीवाला पेशावरकडचा होता. फोटो बघून म्हणाला, "अम्मा, अभी पहुँचाता हूँ." त्याने बंदराच्या दारात सोडले. आम्ही चढलो आणि पाठीमागे दार बंद झाले. त्याचे विमान उशिरा उतरले. तो दारात पोचला तेव्हा दार उघडणारे कोणी नव्हते. ज्या बंदरात तो वर्षानुवर्षे मागच्या फाटकाने आत यायचा, तिथल्या पहारेकऱ्याने त्याला पुढच्या फाटकाबाहेर उभे केले. पुढच्या बंदराला विमानाने यावे तर तिथला व्हिसा त्याच्याकडे नव्हता. आपले तिकीट, आपली पिशवी.

तर असे आम्ही कठड्यापाशी होतो.

"अवो, मी उतरतंय," इंदू फोनवर म्हणाली.

तो मोठ्याने बोलत होता, मला ऐकू येत होते. "उतरू नको. उतरलंस तर तिघांचांय गेलां. तू बघून ये."

"तुमी नसताना काय बघू?"

"मी नसलंय तरी जागा थंयच आसा गो."

शिडीवरच्या माणसांनी दोर सोडायला घेतला. पुण्याची मुलगी माझ्याकडे बघत होती. इंदूने तोंड फोनमध्ये खुपसले आणि विचारले, "आता तुमच्या मागे कोण आसा?"

खाली पिवळा सदरा वळला. त्याने खरेच मागे वळून बघितले.

"टॅक्सीवालो आसा," तो म्हणाला. "मीटर चालू ठेवलो आसा मेल्यान."

इंदू हसली की रडली ते मी सांगणार नाही. मी तिचा दंड आतल्या बाजूला ओढला. शिडी निघाली. मग भोंगा वाजला. जहाज एवढे हळू हलते की आपण हललो ते कळतच नाही, कुंपणच लांब गेल्यासारखे वाटते. तो हात हलवत नव्हता. पाठीमागे हात बांधून उभा होता. सदरा दिसेनासा होईपर्यंत उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीचा एक बार्देशकर, म्हणजे गोव्यातल्याच बार्देसचा, आम्हाला शोधत आला. आता तो तिथला मुख्य पाववाला होता. साहेबांची परवानगी काढून त्याने आम्हाला खाली नेले. जिन्यावर जिने. खाली खाली जाताना गालिचे संपले, मग लाकूड संपले, मग नुसते लोखंड राहिले. भट्टीपाशी उभे राहिले तर तोंड भाजल्यासारखे झाले. खिडकी कुठेच नाही. भिंतीला लागून एक लांब पत्र्याचा ओटा.

"हांगा तो," बार्देशकर म्हणाला. "हांगाच जेवतालो पण. बसपाक वेळ खंय?"

इंदू त्या जागी जाऊन उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. ओट्यावर हात ठेवला.

"दर्या खंय आसा?" तिने विचारले.

"ह्या वणटीच्या पलतडी, वयनी," बार्देशकर म्हणाला आणि त्याने भिंतीवर थाप मारली.

ती बराच वेळ तशीच उभी होती. कामाचा खोळंबा होत होता पण भट्टीवरची पोरे तिला वळसा घालून गेली.

फेरी संपून दुबईला परतलो तर तो फाटकापाशीच. दुबईत कामाला असलेल्या आमच्याकडच्या पोरांच्या खोलीत राहिला होता, त्यांना रोज पाव भाजून घातले म्हणे. इंदूच्या हातातली पिशवी घेत त्याने विचारले, "बघितलंस?"

"बघितलां. वारो नाय थंय."

"नाय," तो म्हणाला. त्याला एवढेच ऐकायचे होते.

मोपावर उतरताना त्याने मला सांगितले, "वयनी, पुढच्या खेपेक कंपनीचां तिकीट." मी म्हटले, "आणि पालखी?" तो म्हणाला, "पालखीक पाणी घातलंय मी. ता कोण काढून घेतलो?"

घरी आल्यावर इंदूने त्याला परत कधी बसून जेवा म्हटले नाही. स्वतःचे ताटही ओट्यावर ठेवू लागली. दोघे शेजारी शेजारी भिंतीकडे तोंड करून जेवायची. मी एकदा विचारले, हे काय खूळ? ती म्हणाली, "बरां पडता."

पावसाळा सरता सरता तो गेला. सकाळी दारावर पाव विकणाऱ्या पोदेराकडून पाव घेतला, बोटाने दाबून बघितला, कच्चा आहे म्हणाला, आणि पायरीवर बसला. बसलेला दिसला म्हणूनच मी भिंतीवरून हाक मारली.

पुढची पालखी आली तेव्हा दीर तांब्या घेऊन पुढे झाला. इंदूने तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि चौघांच्या पायांवर पाणी स्वतः घातले. आरतीचे ताट मी धरले.

तिघे निघालो होतो. आता आम्ही दोघी आहोत.