आमच्या शाळेचा वाकडा रोबो

आमच्या शाळेत रोबोची पेटी आली आणि पहिलं वर्षभर ती कोणी उघडलीच नाही. मुख्याध्यापकांना धास्ती, की पोरं काहीतरी मोडतील आणि संस्था जाब त्यांना विचारेल. दसऱ्याला तेवढी पेटी कपाटातून बाहेर निघाली. तिला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि परत कुलूप. गोंडपिपरीहून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या हायस्कुलाच्या रोबो टीमचा पहिल्या वर्षाचा इतिहास एवढाच.

दुसऱ्या वर्षी विज्ञानाला नवे सर आले. किडकिडीत, तरुण आणि मुख्याध्यापकांना अजिबात न भिणारे. त्यांनी पेटी उघडली आणि टीमसाठी पोरं शोधायला निघाले. मुलगे सगळे कबड्डीला गेले होते, म्हणून आठवीतल्या आम्ही चौघी मुली त्यांच्या हाती लागलो. आमची निवड हुशारीवर झाली असं मी पुढे लोकांना सांगत आले, पण खरं कारण कबड्डी.

रोबोंची स्पर्धा ऐकायला सोपी होती. जमिनीवर दोन पांढऱ्या रेघा, मध्ये हातभर जागा, पंधरा पावलांचं अंतर. रोबोनं आपला आपण त्या रेघांमधून शेवटापर्यंत जायचं. रिमोट नाही, हात लावायचा नाही. आमच्या रोबोला मागे दोन चाकं, प्रत्येक चाकाला एक मोटर. स्पर्धेच्या दिवशी गडी चार पावलं नीट चालला, मग डावीकडे वळला आणि थेट परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन त्यांच्या बुटाला धडकला. सगळा हॉल हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "यंदा रोबो शेवटापर्यंत गेला नाही, तर पेटी मूल गावच्या शाळेला जाणार. संस्थेचं तसं पत्र आलंय." मी नववीत. ती पेटी म्हणजे माझा जीव होता. घरी धानाच्या पेंढ्या बांधताना, आईसोबत पाणी भरताना, मी मनात त्या मोटरी खोलत आणि लावत असायची. पेटी गेली तर माझ्या शाळेत उरतं काय? फळा आणि घंटा!

सर प्रोग्राममधले आकडे बदलून थकले. नवे सेल टाकले की रोबो डावीकडे जायचा, सेल उतरले की उजवीकडे. पोरांनी त्याचं नावच 'वाकडा' ठेवलं.

एका शनिवारी आम्ही त्याला व्हरांड्यात चालवत होतो. धानाची कापणी सुरू होती आणि बाबा मला न्यायला आले. अंगात बनियान, डोक्याला दुपट्टा, हातात विळा. वाकडा त्यांच्यासमोरच वळला आणि नालीत पडला. बाबा हसले.

"हा डाव्या अंगाले काऊन जाऊन राह्यला व?"

"प्रोग्राममध्ये गडबड आहे."

"प्रोग्राम-बिग्राम काई नाई. जोडी जुळली नाई याची. एक ओढून राह्यला, अन् दुसरा नुसता संग चालून राह्यला."

आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. बाबा त्यात जोडी हाकायचे. कोणाचा बैल कोणासोबत जुंपायचा, हे विचारायला लांबलांबून लोक घरी यायचे. पण पिकतं तिथं विकत नाही! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हे बैल नोहत. तुमाले यातलं काय समजते? अन् शाळेत असे बनियानवर येत नका जाऊ!"

"बरं बाई," म्हणून ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर ते शाळेत आलेच नाहीत. मला न्यायचं असलं तरी रस्त्यावरच थांबायचे. मला लाज वाटत होती, पण नाकावरचा राग त्याहून मोठा होता.

सोमवारी सरांनी विचारलं, "तुझे बाबा त्या दिवशी काय म्हणत होते?"

"काही नाही सर. त्यांना बैलांशिवाय काही कळत नाही."

"मग बैलांचंच विचारून ये. मला जोडी कशी जुळवतात ते हवंय."

संध्याकाळी जेवताना मी ताटाकडे बघतच विचारलं. बाबांचा हात ताटातच वाळला, पण बोलणं थांबेना. "रिकामं तं कोणबी पळते. ओझं दे, मंग खरा बैल दिसते. अन् जोराच्या मांगं नोको लागू. हळू चालला तं चालला, पण दोघं संग चालले पायजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीतल्या आणि वाकड्याच्या मिळून आठही मोटरी काढल्या. टेबलाच्या कडेला दोन दोन बांधल्या, दांड्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला सारख्या वजनाचे दगड. सरांनी बटण दाबलं की दोन्ही दगड वर चढायचे आणि आम्ही पाहायचो, बरोबरीनं कोण चढतं. आव माय, काय धमाल! अर्ध्या तासात सगळी शाळा खिडकीत. "हाण! हाण!" म्हणून पोरं ओरडत होती, जणू खरा पटच भरला होता. मुख्याध्यापक छडी घेऊन आले आणि तेही दोन दगड वर जाईपर्यंत बघत उभे राहिले.

वाकड्याला आम्ही लावलेल्या मोटरींपैकी एक आठात सगळ्यांत जोरदार होती, म्हणून तर आम्ही तिला निवडलं होतं. दोन मोटरींचे दगड मात्र शेवटपर्यंत सोबत चढले. त्या दोघी सगळ्यांत मंद निघाल्या. मैत्रिणी म्हणाल्या, "ह्या नको, लोक हसतील." मी म्हणाले, "हसू दे लोकायले! ह्याच लावायच्या."

स्पर्धेला सरांनी बाबांना सोबत आणलं. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. चपला दाराबाहेर काढून ते हॉलच्या पार मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याजवळ आले नाहीत.

आमचा रोबो निघाला आणि लोक हसलेच. म्हातारी देवळात जाते तसा तो जात होता. पाच पावलं. आठ पावलं. बाराव्या पावलाला हसणं थांबलं. तो डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. आणि मागून बाबांची आरोळी आली, "चाल माह्या राजा! चाल!" परीक्षकांनी मान वर करून पाहिलं. पंधरावं पाऊल झालं आणि रोबो शेवटच्या रेघेवरून पलीकडे गेला. आम्ही चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळलो. शेवटापर्यंत पोचलेले रोबो तीनच होते, त्यांत आमचा सगळ्यांत हळू, म्हणून तिसरं बक्षीस आमचं. पहिलं मिळालं असतं तरी मला याहून जास्त आनंद झाला नसता.

बाहेर अंगणात मुख्याध्यापक आले. "पेटी आपल्याच शाळेत राहील," ते म्हणाले. मग बाबांकडे वळून हात जोडले. "पण भाऊ, एक अट आहे. दर शनिवारी तुम्ही शाळेत यायचं. पोरांना जोडी जुळवायला शिकवायचं."

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मुख्याध्यापक, सर, मैत्रिणी सगळे उभे असताना त्यांनी हळूच मला विचारलं, "येऊ काय बाई? तुले चालन काय?"

मला रडू फुटलं. माझ्या बापाला स्वतःच्या पोरीची परवानगी मागावी लागावी! मग रडता रडताच मी त्यांच्यावर ओरडले, "कशा गोष्टी करता बाबा! धानाची चुरणी-मळणी झाली का मंग या. पण येजा! अन् शर्ट-बिर्ट काई नाई, तसेच येजा!"