ब्लीचिंगच्या ड्रमात ॲसिड

बारावीच्या पोरांना मी बारामतीत रसायनशास्त्र शिकवतो, आणि समतोलाचा धडा आला की माझं तोंड थांबत नाही. अभिक्रिया दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चाललेली असते. त्यात बाहेरून काही टाकलं की ती टाकलेलं संपवायच्या बाजूला सरकते. हीच अक्कल मी एकदा अंथुर्ण्याला, गावच्या घरी जेवताना पाजळली.

शेत थोरला भाऊ बघतो. उसाच्या ठिबकच्या नळ्या आमच्याकडे दोन गोष्टींनी तुंबतात, विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी आणि शेवाळाने. क्षारांना ॲसिड सोडायचं, शेवाळाला ब्लीचिंग पावडर, आणि दोन्हींच्या मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, ही सगळ्या शिवाराची रीत. दादा म्हणाला, "ब्लीचिंग लई सोडलं, पर शेवाळ हलतच न्हाय." मी भाकरी मोडत ऐटीत म्हणालो, "पाण्यात जरा ॲसिड असलं की ब्लीचिंगचा जोर वाढतो." ते खरंच आहे. पण ॲसिड जास्त झालं की समतोल उलटा सरकतो आणि पाण्यात मुरलेला क्लोरीन वायू होऊन उसळतो, हे पुढचं मी सांगितलंच नाही. आमटी गार होत होती.

पुढच्या रविवारी दुपारी मी शेतावर असताना मोटरच्या खोलीतून खोकला ऐकू आला. असा खोकला मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. दारातून पिवळट हिरवा धूर सरपटत बाहेर येत होता. दादाने ब्लीचिंग कालवलेल्या ड्रमात ॲसिडचा अख्खा कॅन ओतला होता. वहिनी दाराकडे धावली. मी तिला दंडाला धरून मागे फेकलं, ती पाइपांच्या ढिगावर आपटली. ओला पंचा तोंडाला बांधून, श्वास कोंडून मी आत घुसलो. दादा जमिनीवर पडला होता, आणि हा वायू हवेहून जड, जमिनीलगतच साचतो. उचलायला गेलो तर गुदमरलेल्या दादाने माझ्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फाटला. मीही त्याच्या कानशिलात दिली, गळपट्टी धरली आणि त्याला फरफटत उघड्यावर, वारा येत होता त्या बाजूला नेलं. वहिनी त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. तो मातीत नखं रुतवून श्वास ओढत होता, तोंडातून रक्ताळलेला फेस येत होता. मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

बारामतीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, फुफ्फुसं मात्र पहिल्यासारखी होणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हे दोन्ही एकत्र करायला सांगितलं कुणी?"

दादाने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "कुणी न्हाय. माझाच अडाणीपणा हाय."

मला ते सोसवलं नाही. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. अर्धंच."

वहिनीने सगळ्या वॉर्डासमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. "लोकांच्या पोरांस्नी पुरतं शिकवता, आन सख्ख्या भावाला अर्धं व्हय, भावजी?" तिचा हात पुन्हा उठला. तिला अडवायला दादा कसाबसा उठून बसला.

"त्याला मारू नगंस," एवढं म्हणायला त्याला तीनदा थांबावं लागलं.